तळपायाचे वीस कागद

६ फेब्रुवारी १९८३, रविवार, सकाळी साडेनऊ. आकडा सहा मिलिमीटर. हजर माणसं चार : सर, त्यांची थोरली बहीण आक्का, माझी बायको मंगल आणि मी. जागा सरांच्या घराची पुढची पडवी. मंगल लाकडी खुर्चीवर बसली होती, तिचा उजवा पाय स्टुलावर होता, आणि सर त्या पायासमोर उकिडवे बसून कंपासपेटीतल्या डिव्हायडरनं तिच्या तळपायावरचा काळा ठिपका मोजत होते.

"सहा," ते म्हणाले. "लिहा."

मी लिहिलं. मोजणी कार्यालयात नकाशे काढणं ही माझी नोकरी होती. कुणी आकडा सांगितला की लिहून घ्यायचा, याची हाताला सवय होती.

सर उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "वहिनी, हा बिब्ब्याचा डाग नाही. उद्याच्या गाडीनं मुंबईला जा."

मंगलनं पाय खाली घेतला. "मुंबईला? बिब्बा दाखवायला?"

दिवाळीला ती गुहागरला माहेरी गेली होती. तिथे पायात काटा भरला, आईनं सुईनं कोरलं, आणि वर बिब्बा तापवून त्याचं तेल टोचलं. आमच्याकडे काट्याला, कुरूपाला, भेगेला हाच उपाय. बिब्बा उततो, कातडी फोडासारखी फुगते, काळा डाग पडतो, डाग काही आठवड्यांनी कातडीबरोबर निघून जातो. हा गेला नव्हता. पण सासूबाईंचा हात जड, बिब्बा खोल गेला असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

"दिवाळीला तीन महिने झाले," सर म्हणाले. "कातडी एवढे दिवस डाग सांभाळत नाही."

"माझी कातडी सांभाळते," मंगल म्हणाली आणि चपला घालून आमच्या खोल्यांकडे निघून गेली.

मी कागद हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मलाही तिचंच म्हणणं पटत होतं, आणि त्याचं कारण माझ्या शर्टाच्या खिशात होतं. सरांनी १ डिसेंबरला आम्हाला लेखी नोटीस दिली होती. तीन महिन्यांत जागा सोडावी. मुदत संपणार होती २८ फेब्रुवारीला.

नोटिशीचं कारण कुणाला सांगितलं तर खरं वाटत नसे. आम्ही फणसापासून पडवीच्या खांबापर्यंत कपडे वाळत घालायला दोरी बांधली होती. तिची सावली विहिरीजवळच्या दगडी डोणीवर पडायची. डोणीत सरांचे काळुंदर मासे होते. सावली पडली की माशांच्या अंगाचा रंग बदलायचा, आणि सरांच्या वहीतले आकडे बिघडायचे. सावली दुपारी बारा ते दोन पडते, हे त्यांनी घड्याळ लावून पाहिलं होतं आणि नोटिशीत तसं लिहिलंही होतं. मी दोरी काढली. पण नोटीस काही त्यांनी परत घेतली नाही.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. आक्का विधवा होऊन भावाकडे आलेल्या, त्याला तीस वर्षं झाली होती. घरात दोनच माणसं, त्यामुळे मागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं दिलेल्या. सर उंच, पाठीत थोडे वाकलेले, आणि त्यांची नजर कायम खाली. कुणी भेटायला आलं की आधी पाय बघायचे. पायरीवर बसवायचे आणि म्हणायचे, "पाय दाखवा." पोस्टमनचे पाय बघितले होते, दुधवाल्याचे बघितले होते, एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवाराला चपला काढायला लावल्या होत्या.

"माणसाचं मेलं तोंड दिसतच नाही यांना," मंगल म्हणायची.

मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "तोंड तुम्ही रोज आरशात बघता. तळपाय कोण बघतो? आपल्याकडे कातडीतली काळी पेशी बिघडली तर बहुतेक तिथेच बिघडते. तळपायाला, तळहाताला, नखाखाली. आणि आपण तिथेच बिब्बा लावतो. काळ्यावर काळं."

दुसरी सवय मोजण्याची. 'जरा', 'थोडं', 'बरंच' हे शब्द त्यांच्यासमोर वापरायची सोय नव्हती. "जरा उशीर झाला" म्हटलं की "किती मिनिटं?" आक्कांनी भात जरा मऊ झाला म्हटलं तरी हेच. त्यावर आक्का म्हणायच्या, "खा मुकाट्यानं. शितं मोजून वाढते आता." आक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण भावाला गप्प करणं येत होतं, आणि ते रत्नागिरीत दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

तिसरी गोष्ट मासळी. मासेवाली टोपली घेऊन सकाळी आमच्या गल्लीत शिरली की पहिली आमच्याच पायरीशी थांबायची. सर टोपलीत हात घालून स्वतः निवडायचे. आधी खवलं बघायचे, मग मासा. ताटात मासळी नसेल त्या दिवशी त्यांचा आवाज चढलेला असायचा.

त्या रविवारी दुपारी ते आमच्या दारात आले. याआधी ते कधी आमच्या बाजूला आले नव्हते. हातात बिब्बे, दाभण आणि पेटलेली पणती.

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही, ते बरोबर आहे," ते म्हणाले. "नोटीस मी दिलेली आहे. म्हणून विश्वास नको, आकडे घ्या. वहिनींच्या पायावर जिथे ठिपका आहे, तिथेच, तेवढाच, मी माझ्या पायाला बिब्ब्यानं करतो. एकवीस दिवसांनी मोजू. डाग असेल तर दोन्ही फिके होतील. माझा गेला आणि त्यांचा राहिला, तर मुंबई."

मंगल आतून म्हणाली, "हो म्हणा. सत्तावीसला आम्हाला मुंबईला पाठवायचं आणि अठ्ठावीसला खोल्यांना कुलूप लावायचं."

सरांनी ऐकलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "एका पायावर भरवसा ठेवता येत नाही. दोन हवेत. मोजणीवाले, तुमचाही पाय द्या."

हे असं होतं त्यांचं. मी चाळिशीचा माणूस, पदरात सात वर्षांची मुलगी, आणि मी माझा उजवा पाय त्यांच्यापुढे धरला. दाभणाच्या टोकानं त्यांनी तापलेलं तेल टोचलं. सहा मिलिमीटर. मग तेच स्वतःला केलं, वाकून, दात आवळून, एका हातानं. अट एकच घातली : एकवीस दिवस मंगलच्या त्या ठिपक्याला कुणी हात लावायचा नाही. बिब्बा नाही, सुई नाही, पातं नाही.

दर रविवारी तिन्ही पाय मोजायचे ठरलं. माप डिव्हायडरनं सर घ्यायचे आणि आकार मी उतरवायचा. ट्रेसिंग पेपर मी बाजारातून विकत आणला. कार्यालयातला वापरला नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण मंगलला तेव्हाही वाटायचं की मी तो तिथून आणला.

पहिल्या आठवड्यात माझा पाय सुजला. बिब्बा उतला, पाणी धरलं, जांघेत गाठ आली. आमच्याकडे हिला अवधाण म्हणतात. पायाला जखम झाली की येतं, जखम वाळली की जातं. सर लंगडत होते, मी लंगडत होतो, आणि मंगल, जिच्यासाठी हे चाललं होतं, ती धडधाकट पाण्याच्या कळश्या वाहत होती. आक्का पडवीत बसून म्हणाल्या, "शहाण्यांची वरात बघा."

दुसऱ्या रविवारी मंगलचा आकडा साडेसहा आला. सरांनी डिव्हायडर पुन्हा लावून पाहिला. मी आकडा लिहिला. अर्धा मिलिमीटर हातचुकीचाही असतो.

१६ फेब्रुवारी, बुधवार. मी कार्यालयात होतो. अकराच्या सुमारास शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "तुमच्या घरमालकांनी बाजारात तमाशा मांडलाय. तुमच्या मिसेस आहेत तिथे."

मी सायकल काढली. बाजारातल्या एका दवाखान्यासमोर वीस-पंचवीस माणसं जमली होती. आत बाकावर मंगल रडत बसली होती. तिच्यासमोर जमिनीवर सर बसले होते आणि त्यांनी तिचा उजवा पाय दोन्ही हातांत घट्ट धरून छातीशी घेतला होता. डॉक्टर हातात पातं घेऊन उभे होते. संतापलेले, आणि थोडे घाबरलेलेही.

चालताना खडा टोचल्यासारखं वाटू लागलं म्हणून मंगल कुरूप काढून घ्यायला आली होती. मला सांगितलं नव्हतं. आक्कांना सांगून निघाली होती. आक्कांनी ते सरांना सांगितलं, आणि सर होते तसे, अनवाणी, उतलेल्या पायानं बाजारापर्यंत चालत आले होते. दाराच्या फरशीवर त्यांच्या पावलांचे रक्ताचे डाग होते.

"कुरूप आहे साधं," डॉक्टर मला म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. यांना घेऊन जा इथून."

"कापून त्याचं काय करणार?" सरांनी विचारलं.

"काय करणार म्हणजे? टाकून देणार."

"आणि खाली राहील त्याचं?"

"सोडा त्यांचा पाय. लोक बघताहेत."

"बघू देत," सर म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता. "मोजणीवाले, अकरा दिवस राहिलेत. तुम्ही शब्द दिला आहे."

बाहेर कुणीतरी हसलं. परक्याच्या बायकोचा पाय भर बाजारात छातीशी धरून बसलेला पासष्ट वर्षांचा माणूस. लोक काय बोलणार ते मला कळत होतं आणि पुढे कित्येक महिने ते मी ऐकलंही. मला त्या क्षणी सरांचा राग आला. पण मंगलच्या पायाकडे नजर गेली आणि दवाखान्याच्या उजेडात मला ठिपक्याची कड दिसली. दर रविवारी मी ती कड काढत होतो, मला ती पाठ होती. टाचेच्या बाजूला तिला एक फाटा फुटला होता, ओढ्याला फुटतो तसा. रविवारी तो नव्हता.

मी मंगलला म्हटलं, "चल घरी."

रिक्षात ती म्हणाली, "तुम्ही पण त्यांचे झालात."

२७ फेब्रुवारीला आम्ही पुन्हा पडवीत बसलो. सरांच्या पायावर गुलाबी कातडी होती, डाग नव्हता. माझ्या पायावर फिकट तपकिरी कड, मधली खपली गेलेली. मंगलचा आकडा साडेसात. मी सहा फेब्रुवारीचा ट्रेसिंग पेपर आजच्यावर ठेवला आणि दोन्ही उजेडात धरले. तीन बाजूंना हद्द जवळपास जुळत होती. चौथ्या बाजूला जुनी हद्द ओलांडून नवी रेघ पुढे गेली होती. मला समजावून सांगायची कुणाला गरज नव्हती. अशा दोन रेघांवर मी रोज अतिक्रमणाचं टिपण लिहीत असे.

मंगलनं दोन्ही कागद पाहिले. मग सावकाश म्हणाली, "काटा निघालाच नव्हता."

"कुठला?" सरांनी विचारलं.

"दिवाळीतला. आईनं पुष्कळ कोरलं, पण काटा काही निघाला नाही. काळं टोक दिसत होतं म्हणून तिला वाटलं आत मोडला. म्हणून बिब्बा." ती थांबली. "ते टोक आधीपासून होतं बहुतेक. तिळाएवढं. गणपतीतसुद्धा होतं."

आक्का उठून तिच्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या.

"आहे काय पण हे?" मंगलनं विचारलं. "बाकीचं राहू दे. मला कळेल असं सांगा."

सरांनी डोणीतला एक काळुंदर धरला, चिमट्यानं एक खवल काढलं आणि मासा परत सोडला. खवल काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. मंगलनं पाहिलं, मग मी. आत काळे तारे पसरलेले दिसत होते. सरांनी एका बाटलीतला थेंब टाकला. बघता बघता तारे आकसून टिंबं झाली.

"हा थेंब म्हणजे निरोप," सर म्हणाले. "पेशीला बाहेरून निरोप येतो आणि ती ऐकते. पसर म्हटलं की पसरते, आकस म्हटलं की आकसते. आपल्या कातडीतल्या काळ्या पेशीही तशाच. एकीनं दोन व्हायचं तेही शेजाऱ्यांनी सांगितल्यावर. वहिनी, तुमचे भाऊ मुंबईहून पत्र पाठवतात, मग गुहागरला घराचं काम निघतं. बरोबर?"

"हो."

"बिघडलेली पेशी पत्राची वाट बघत नाही. ती स्वतःच पत्र लिहिते, स्वतःच्याच पत्त्यावर टाकते आणि वाचून कामाला लागते. अजून हे कुणाला पूर्ण कळलेलं नाही. बाहेरच्या मासिकांत आत्ता कुठे येतंय. पण एक फरक दिसतो. मूळ जागी असते तोवर तिला शेजाऱ्यांची थोडीफार गरज असते. गाव सोडून दुसरीकडे गेलेली पेशी मात्र कुणाच्याच पत्रावर अवलंबून नसते. उतरेल तिथे बिऱ्हाड करते."

"मग माझी?"

"तुमची गावातच आहे की बाहेर पडली, ते शोधायला मुंबईला जायचं."

मंगलनं मान हलवली. आत जाऊन ती ट्रंक भरू लागली. मुलीला आक्कांकडे ठेवलं. मंगळवारी, १ मार्चला, सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. नोटिशीची मुदत आदल्या दिवशी संपली होती, हे मला महाड ओलांडल्यावर आठवलं.

मुंबईच्या रुग्णालयात आधी एक लहान तुकडा तपासला. नाव कळलं, मेलानोमा, म्हणजे काळ्या पेशीचा कर्करोग. शस्त्रक्रिया ठरली. सर्जननी मंगलची जांघ चाचपली आणि त्यांची बोटं एका जागी थांबली.

"गाठ आहे. हरभऱ्याएवढी."

"ते अवधाण असेल," मंगल म्हणाली.

"म्हणजे?" ते मुंबईचे, त्यांनी हा शब्द ऐकला नव्हता. मी सांगितलं. ते म्हणाले, "असेलही. पाय कोरलेला आहे, जंतुसंसर्ग असू शकतो. किंवा तिथे पोहोचलं असेल. काढून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

त्याच दुपारी रुग्णालयाच्या पायरीवर बसून मी सरांना आंतर्देशीय लिहिलं. दुसरं कुणाला लिहावं सुचलं नाही. १० मार्चला शस्त्रक्रिया झाली. तळपायाचा मोठा भाग काढला, मांडीची कातडी तिथे लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. अहवालाला बारा दिवस लागणार होते. पाचव्या दिवशी सरांचं उत्तर आलं. ते माझ्याकडे अजून आहे.

'काढलेल्या गाठी किती, ते विचारून लिहिणे. तुमच्या जांघेतली गाठ आज मोजणे व लिहिणे. बिब्ब्याची असल्यास उतरली असेल. वहिनींचा पाय दिवाळीपासून सुई, बिब्बा व तपासणीचा तुकडा असा तीनदा कोरला गेला, हे सर्जनला सांगणे. घाबरू नये असं लिहिणार होतो, पण त्याला आज आधार नाही.'

मी माझी गाठ चाचपली. शोधावी लागली. ती उतरली होती. त्यावरून मंगलबद्दल काही सिद्ध होत नव्हतं, हे मला समजत होतं. तरी उरलेले सात दिवस मी दिवसातून तीनदा माझीच जांघ चाचपत होतो. वॉर्डातला एक म्हातारा मला म्हणाला, "पेशंट कोण, तुम्ही की बाई?"

२२ मार्चला अहवाल आला. गाठी अकरा. अकराही फक्त सुजलेल्या. काळी पेशी एकीतही नाही. ठिपक्याची जाडी एक पूर्णांक आठ मिलिमीटर. मी अहवाल मंगलच्या हातात दिला. ती म्हणाली, "अवधाणच होतं," आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

एप्रिलच्या मध्यावर आम्ही घरी आलो. मंगल कुबडी घेऊन रिक्षातून उतरली. पडवीच्या खांबापासून फणसापर्यंत नवी दोरी बांधलेली होती, तिच्या खांद्याच्या उंचीवर. सावली डोणीवर पडत होती.

सरांनी पहिला प्रश्न विचारला, "जाडी किती?"

"एक पॉइंट आठ."

ते पायरीवर बसले. खिशातून पेन्सिल काढली, पण लिहिलं काहीच नाही. "एकवीस दिवसांत रुंदीला दीड मिलिमीटर वाढला. खोलीला किती वाढला असेल? सहा फेब्रुवारीला कितीचा होता?"

"ते आता काढता येणार नाही, सर."

"नाही येणार. म्हणूनच विचारतोय." ते माझ्या पायांकडे बघत होते. "मी हुशारी केली, मोजणीवाले. त्या दिवशी मला कळलेलं होतं. माझी तीस वर्षं त्या पेशीत गेली. पटवायला प्रयोग कशाला हवा होता? तुमच्या पाया पडायला हवं होतं मी. ते जमलं नाही, म्हणून बिब्बा टोचला."

मी म्हटलं की नोटीस नसती तर आम्हीही ऐकलं असतं, की संशय माझ्याही मनात होता, की बाजारातून मी तिला घरी आणलं तेही त्यांच्यामुळे. ते ऐकत होते असं वाटलं नाही. शेवटी मी विचारलं, "तुमचे उपकार कसे फेडायचे?"

"उपकार मोजता येत नाहीत, ते नकोत. कागद द्या. दर तीन महिन्यांनी वहिनींच्या तळपायाचा एक. यातली एखादी पेशी निसटलेली असेल तर वर्षानुवर्षं गप्प बसते. पाच वर्षं धरू. वीस कागद."

"आणि नोटीस?"

"वीस कागदांपर्यंत मुदत वाढवली आहे."

पहिला कागद जूनमध्ये दिला. पुढे दर मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरचा पहिला रविवार. मंगल खुर्चीवर, पाय स्टुलावर. मी पावलाची बाह्यरेषा काढायचो, मग लावलेल्या कातडीची हद्द. त्या हद्दीच्या आत आणि बाहेर काही असेल तर ते. सर भिंगातून एकेक इंच बघायचे. त्यानंतर आक्का मंगलला आत नेऊन जांघ चाचपायच्या आणि दाराआडून सांगायच्या, "काय नाय." सर विचारायचे, "नीट बघितलंस?" आक्का म्हणायच्या, "तुझ्यापेक्षा नीट." मग सर माझ्याकडून कागद घ्यायचे, कोपऱ्यात शून्य लिहायचे आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. आदल्या आठवड्यात ते चिडके व्हायचे, मंगल गप्प व्हायची आणि मी कार्यालयात चुका करायचो. सातव्या कागदाला लावलेल्या कातडीच्या खळग्यात एक काळसर कण दिसला. सरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला तेव्हा तो निघाला. भाताच्या मडक्याची काजळी होती. त्या दिवशी मंगल पहिल्यांदा त्यांच्यासमोर हसली. "सर, घाम पुसा," म्हणाली.

मासेवाली आता पायरीशी थांबत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "दात." मला ते पटलं. वय झालं होतं.

चौदाव्या कागदानंतर, १९८६च्या नोव्हेंबरात, सर गेले. सकाळी डोणीशी गेले होते, तिथेच बसल्या जागी. माशांना नंतर कुणी बघितलं नाही. एक एक करून ते संपले आणि डोण रिकामी राहिली. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी काय करावं ते मला कळेना. साडेनऊला आक्कांनी हाक मारली. पडवीत खुर्ची आणि स्टूल मांडलेलं होतं. भिंग आक्कांच्या हातात होतं.

"तुम्हाला दिसतं यातून?" मी विचारलं.

"काळं तेवढं दिसतं," त्या म्हणाल्या. "तेवढंच बघायचंय ना?"

असे सहा कागद झाले. शून्य मी लिहायचो.

विसावा झाल्यावर आक्कांनी पेटी मिटली नाही. मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "एकदाचे झाले. आता मी मासळी खायला मोकळी."

मंगलनं विचारलं, "म्हणजे?"

"तुमचं ते पत्र आलं मुंबईहून, गाठ लागली म्हणून. हा जेवत होता. ताट सरकवलं नि उठला. त्यानंतर मासळी शिवला नाय. मी म्हटलं, नवस केलास काय रे? तर अंगावर आला माझ्या. म्हणाला, नवस नाय, एकवीस दिवस माझ्याकडे निघतात, ते फेडतोय. बाईचा पाय पाच वर्षं कोरा राहिला की खाईन. चौदा कागदांवर गेला. राहिलेले सहा मी धरले. मध्येच कसं सोडणार?"

मी सायकल काढली. खाडीवरून येणाऱ्या बायका बाजाराच्या तोंडाशी बसतात, तिथे एकीच्या बादलीत काळुंदर जिवंत होते. दोन घेतले, पाण्यासकट डब्यात आणले.

म्हणून शेवटची नोंद अशी. ६ मार्च १९८८, रविवार. आकडा शून्य. हजर माणसं तीन : आक्का, मंगल आणि मी. दिलं ते एक कागद आणि दोन काळुंदर, आक्कांच्या हातात. एक त्यांनी तळला आणि आमच्यासमोर बसून, काटे काढत, सगळा खाल्ला. दुसरा त्यांनी डोणीत सोडला, आणि मंगल आपल्या पायांनी चालत जाऊन डोणीवर सावली पाडणारी दोरी सोडून आली.